पंचवीस पाट्या आणि एक खातं

ज्या वस्तूला हळदकुंकू वाहता येत नाही ती वस्तू आपण विकायला ठेवू नये, हा नियम मी दुकानात इतकी वर्षं पाळला होता. नियम कुठं लिहिलेला नव्हता, त्यामुळं मोडताना काही वाटलं नाही. वाटायला लागलं ते नंतर.

माझं दुकान औरंगपुऱ्यात आहे. कृष्णाई ग्रंथ भांडार. पोथ्या, ग्रंथ, आरत्यांची पुस्तकं, भजनाच्या वह्या आणि एका कोपऱ्यात स्पर्धा परीक्षांची पुस्तकं. ती शेवटची मला मनापासून आवडत नाहीत, पण विजेचं बिल तीच भरतात. माझं नाव सांडू. गिऱ्हाइकं सांडूभाऊ म्हणतात. संध्याकाळी शहरात कुठंही कीर्तन असलं की मी शटर अर्धं ओढून निघतो आणि बायको, रत्नमाला, ते पुन्हा वर करून गल्ल्यावर बसते. आमचा संसार असा एका शटरवर चालला आहे.

तर त्या शटरवरच वेळ आली.

आमच्या सिडकोतल्या विठ्ठल मंदिरात दर वर्षी सप्ताह असतो. सात दिवस ग्रंथाचं पारायण, संध्याकाळी कीर्तन आणि शेवटच्या दिवशी ग्रंथ डोक्यावर घेऊन दिंडी. पारायणाला बसणाऱ्यांसाठी ग्रंथ माझ्याकडूनच जातात आणि मंडपाच्या दाराशी पुस्तकांचं टेबलही माझंच असतं. त्या एका आठवड्यावर दुकानाचे बरेच महिने निघतात. यंदा मंडळाचे अध्यक्ष पुंडलिकराव दुकानात आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "सांडूभाऊ, यंदा ग्रंथ नकोत."

पुंडलिकराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. धरणाचे दरवाजे उघडायचे की नाहीत, हे ज्या सुरात सांगत असतील त्याच सुरात अजून बोलतात.

"का हो, काय झालं?"

"निम्म्या लोकांचे मोतीबिंदू झालेत. तुमचा छोट्या टायपाचा ग्रंथ कोणाला दिसत नाही. मोठ्या टायपाचा आणला तर तो कोणाला उचलत नाही. गेल्या वर्षी गोजरबाई ग्रंथ मांडीवर घेऊन बसल्या त्या दुपारी उठूच शकल्या नाहीत. दोन बायकांनी ग्रंथ काढला, मग दोघींनी गोजरबाई काढल्या."

त्यांचं म्हणणं खरं होतं. छोट्या टायपाच्या ग्रंथांचे गठ्ठे मात्र माळ्यावर होते, सप्ताहासाठीच भरलेले.

रत्नमालानं ऐकलं आणि शांतपणे शेजारच्या अझहरला हाक मारली. अझहरचं मोबाइल कव्हरचं दुकान आमच्या भिंतीला भिंत लावून आहे. त्याला जागा कमी पडते, आणि तो दर ईदेला शिरखुर्म्याबरोबर आमच्या शटरची चौकशी करतो. ती म्हणाली, "अझहरभाई, सप्ताह होऊन जाऊ द्या. या वेळी टेबल लागलं नाही तर शटर तुमचं."

"हौ भाभी," अझहर म्हणाला आणि माझ्याकडं बघून हळहळला. "सांडूभाई, टेन्शन नक्को लेव. आपके वास्ते एक स्टूल हमेशा रहेगा."

स्वतःच्या दुकानात स्वतःला स्टूल मिळणार हे ऐकून माणसाला जे वाटतं ते मला वाटलं. त्या रात्रीचं कीर्तन वैराग्यावर होतं. मला ते फार पटलं.

अशा मनःस्थितीत सम्यक आला. सम्यक हा अक्षय ई-रीडर नावाच्या कंपनीचा या भागातला प्रतिनिधी. शर्ट इस्त्रीचा, बोलणं नम्र. तो "जय भीम, काका" म्हणाला, मी "रामकृष्ण हरी" म्हणालो, आणि दोघांनाही बरं वाटलं. त्यानं पिशवीतून एक काळी पाटी काढली. शाळेतल्या पाटीएवढीच, पण पातळ. तिच्यावर अक्षरं होती, आणि त्यानं दोन बोटं ताणली तशी ती अक्षरं मोठी झाली. आणखी ताणली, आणखी मोठी. शेवटी एका पानावर एकच ओवी, आणि ती मला चष्म्याशिवाय दाराबाहेरून वाचता आली.

"हिचं वजन किती?"

"आजीच्या चष्म्याच्या डबीपेक्षा थोडंसं जास्त. माझी आई रोज हिच्यावरच वाचते, काका. दुकानाला पाटीमागं थोडं सुटतं. पण खरी गंमत पुढं आहे. तुमच्या दुकानातून घेतलेल्या पाटीवर गिऱ्हाइकानं पुढं कधीही, घरी बसून, ई-पुस्तक विकत घेतलं तरी त्याची दलाली तुम्हाला येत राहील."

"म्हणजे मी कीर्तनात बसलेलो असलो तरी?"

"कीर्तनात असला तरी."

मला हे व्यापारातलं नामस्मरण वाटलं. एकदा जोडून दिलं की आपलं आपण चालू. मी तिथंच ठरवलं, पारायणाला पंचवीस पाट्या. पुंडलिकरावांनीही पाटी ताणून बघितली आणि म्हणाले, "सात दिवस वापरून बघू. जमलं तर ठेवू, नाही जमलं तर सगळ्या परत." सम्यकनं हे कंपनीकडून मान्य करून आणलं. सगळं इतकं सुरळीत झालं की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

पहिली अडचण सरकारी होती. छापील पुस्तकांवर कर नाही, म्हणून मी जन्मात कधी जीएसटी नंबर घेतला नव्हता. यंत्रावर मात्र कर आहे. नंबरासाठी दुकानाचं वीजबिल हवं, आणि बिल येतं वडिलांच्या नावानं. मदतीच्या फोनवर एक गोड आवाजाची मुलगी होती.

"सर, बिलावर ज्यांचं नाव आहे त्यांचं संमतीपत्र लागेल."

"ते आता नाहीत हो."

"मग कुठं असतात सध्या?"

"वैकुंठात."

"ओके सर. तिथला पिनकोड सांगाल?"

तिची चूक नव्हती, तिच्यापुढच्या चौकटीत पिनकोड भरल्याशिवाय पुढं जाता येत नसावं. मी फोन ठेवला आणि वडिलांच्या फोटोला नमस्कार केला. अखेर बिल माझ्या नावावर करून घेतलं, त्यासाठी आधी मृत्यूचा दाखला, मग वारसाचा, त्यावर सांडू हे नाव आणि आधार कार्डावर सांडु, हा एक स्वतंत्र अध्याय आहे. नंबर आला तेव्हा रत्नमालानं दुकानात साखर वाटली. आम्हाला मुलगा झाला तेव्हा पेढे होते, पण तेव्हा परिस्थिती बरी होती.

दुसरी अडचण खात्याची. प्रत्येक पाटी चालू करायला एक खातं लागतं, खात्याला मोबाइल नंबर आणि नंबरावर येणारा ओटीपी. पारायणाला बसणारी मंडळी सत्तरीची. त्यांचे नंबर त्यांच्या मुलांकडं, आणि मुलं वाळूजला शिफ्टमध्ये. कारखान्यात फोन लॉकरमध्ये ठेवायचा असतो. म्हणजे इकडं आजोबा पाटीपुढं डोळे मिटून बसलेले, तिकडं त्यांचा ओटीपी वाळूजच्या एका लॉकरमध्ये वाजून वाजून विरून जाणार. सम्यकनं दिवसभर खटपट केली. संध्याकाळपर्यंत दोन पाट्या चालू झाल्या, त्यातली एक त्याच्या स्वतःच्या नंबरावर.

मीच उपाय काढला. "अरे, सप्ताहात सगळ्यांचं सगळं एकच असतं. पंगत एक, चूल एक. खातंही एकच ठेव, दुकानाचं. प्रत्येक पाटीला फक्त त्या त्या माणसाचं नाव दे, म्हणजे अदलाबदल व्हायची नाही."

सम्यक म्हणाला, "चालतं काका, पण कंपनी सहसा…"

"कंपनीला काय माहीत पारायण काय असतं?"

हे वाक्य मी मोठ्या समाधानानं म्हणालो होतो. नंतर त्यातला अर्थ मला वेगळ्या बाजूनं कळला.

मग मी दुकानाच्या खात्यात ग्रंथ विकत घ्यायला गेलो. जुना ग्रंथ, कोणाचाच हक्क उरलेला नाही, त्यामुळं ई-पुस्तक फुकट. पाटीवर ठळक अक्षरात आलं: किंमत शून्य. मी सम्यकला विचारलं, "मग आपली दलाली?"

"दहा टक्के, काका."

"कशाचे?"

तो खाली बघायला लागला. चांगला मुलगा आहे, त्याला खोटं बोलता येत नाही.

सप्ताह बसला. पहिल्या दिवशी सकाळी ग्रंथपूजन. मंडपात पंचवीस चौरंग, पंचवीस पाट्या, पुढं उदबत्त्या. मी दाराशी टेबल मांडून बसलो होतो आणि मनात म्हणत होतो, विठ्ठला, तुझी सेवा नव्या रूपात. तेवढ्यात गोजरबाईंनी ओल्या बोटानं पाटीला गंध लावलं. पाटीनं ते बोट हुकूम समजून घेतलं आणि अक्षरं एकदम बदलून कुठल्या तरी गोलगोल लिपीत गेली.

"सांडू," गोजरबाईंनी हाक मारली. त्या मला लहानपणापासून ओळखतात. "देव कुठल्या गावाला गेला रं?"

मी पाटी पूर्ववत करेपर्यंत सात-आठ जणांनी अक्षता टाकल्या होत्या, आणि दोघांनी तुळशीचं पान पाण्यात बुडवून ठेवलं होतं. एकाची पाटी उजवीकडून डावीकडं वाचायला लागली. मी चौरंगाचौरंगापाशी रांगत फिरलो. माझ्या मागून सगळा मंडप बघत होता, आणि मंडळानं परगावच्या नातेवाइकांसाठी मोबाइलवर थेट प्रक्षेपण लावलं होतं, त्यामुळं पुण्या-मुंबईतही माझी पाठ दिसत होती.

मग आरती झाली. लांबली. पाच मिनिटं कोणी हात लावला नाही की पाट्या झोपतात, आणि झोपल्या की त्यांच्यावर कंपनीचं चित्र येतं. चित्रात समुद्रकिनाऱ्यावर एक बाई आरामखुर्चीत पाय पसरून पाटी वाचत असते. हवा उन्हाळ्याची, कपडेही उन्हाळ्याचे. आरती करून डोळे उघडले तर पंचवीस चौरंगांवर पंचवीस बायका समुद्रकिनारी.



"ही कोन?" गोजरबाईंनी विचारलं.

"कंपनीची आहे," मी म्हणालो.

"कंपनीची आसंल, पन हितं देवळात काय करती?"

"वाचतेय, आजी."

"वाचती व्हय." त्यांनी नीट निरखून बघितलं. "मंग वाचू दे बिचारीला. पन तिला काय तरी पांघराय द्या रं."

त्यांनी पिशवीतून लाल सुती कापड काढलं, पोथीला बासन घालतात तसं पाटीला गुंडाळलं आणि वर नाडी बांधली. सगळ्यांना एकदम सुटल्यासारखं झालं. दुपारपर्यंत त्यांनी हातशिलाईनं पाच बासनं शिवली, आणि रत्नमालानं घरून मशीन आणून दिल्यावर संध्याकाळपर्यंत बाकीची. फडताळात ग्रंथ ठेवावा तशा पाट्या चौरंगावर दिसायला लागल्या. अझहर गंमत बघायला आला होता. त्यानं एक बासन हातात घेऊन उलटसुलट केलं, नाडी ओढून बघितली आणि काही न बोलता परत ठेवलं. व्यापारी माणूस काही बोलला नाही की समजावं, विचार करतोय.

दुसरा दिवस मात्र सोन्यासारखा गेला. ज्यांनी वर्षानुवर्षं नुसतं शेजाऱ्याच्या सुरात सूर मिसळला होता ती माणसं स्वतः वाचत होती. गोजरबाईंनी अक्षरं इतकी मोठी केली होती की त्यांना ओवीगणिक पान उलटावं लागायचं, आणि दर पानाला त्या बोट कपाळाला लावायच्या. मी टेबलावर बसल्याबसल्या हिशोब करायला लागलो: पुढच्या वर्षी वेरूळची मंडळं, मग कन्नड, मग सगळा मराठवाडा. माणसाच्या मनाचं कीर्तन एकदा सुरू झालं की त्याला चिपळ्या लागत नाहीत.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे मंगळवारी, दुपारची पंगत उठली. पिठलं होतं, त्यामुळं सगळे जरा जडच होते. घंटा झाली, मंडळी चौरंगामागं बसली, बासनं सुटली. आणि प्रत्येक पाटीवर एक चौकट आली. चौकटीत बारीक मजकूर होता आणि खाली दोनच ठळक शब्द: हो, नाही.

आता आमच्या लोकांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. पंगतीत वाढणाऱ्याला जो 'नाही' म्हणू शकत नाही तो पाटीला काय म्हणणार? सगळ्यांनी हो म्हटलं. पुंडलिकराव व्यासपीठावर बसून वाचन चालवत होते. त्यांनी सुरुवात केली आणि मंडपानं एका सुरात मागं घेतलं. सूर छान लागला होता. माझे डोळे मिटले. तासाभरानं वाचन उंच चढलं, मग देवाकडं मागणं मागायच्या ओव्या सुरू झाल्या, आणि मला मिटल्या डोळ्यांनीच वाटलं, हे फार ओळखीचं आहे. हे आपण दर वर्षी ऐकतो. शनिवारी.

मी डोळे उघडले तोवर शेवटची ओवी झाली होती. घंटेवाल्यानं सवयीनं घंटा वाजवली. कोणी तरी बुक्का उधळला. रीतीप्रमाणं मंडळी उठून एकमेकांच्या पाया पडायला लागली, काहींच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढ्यात मंडळाच्या फोनवर पुंडलिकरावांसाठी फोन आला. पुण्याहून त्यांची मुलगी मंजुषा होती. थेट प्रक्षेपण बघत होती.

"बाबा, सप्ताह संपला? मी तर शनिवारचं तिकीट काढलंय."

पुंडलिकरावांनी पाया पडणाऱ्याच्या डोक्यावर ठेवलेला हात तसाच राहिला.

मी धावत जाऊन कोणाची तरी पाटी उचलली. काही समजेना, म्हणून लोकांना दाखवायला टेबलावर ठेवलेली माझी, त्याच खात्यावरची सव्विसावी पाटी उघडली. तिच्यावर अजून ती चौकट तशीच होती, कारण मी हो-नाही काहीच म्हटलं नव्हतं. मजकूर असा: 'पुंडलिकराव' या पाटीवर हे पुस्तक सर्वात पुढं वाचलं गेलं आहे. तुम्हालाही त्या पानावर जायचं आहे का?

मला सगळा प्रकार उलगडला. खातं एक, म्हणजे कंपनीच्या लेखी पंचवीस पाट्या वाचणारा माणूस एकच. तो माणूस एका पाटीवर पुढं गेला की बाकीच्या चोवीस त्याला तिथंच न्यायला बघतात. पहिले दोन दिवस सगळे एकाच ठिकाणी वाचत होते, म्हणून हे दिसलं नव्हतं. आणि पुंडलिकरावांनी पंगतीनंतर, अजून किती राहिलंय हे बघायला, शेवटची पानं उघडली होती. तशीच उघडी ठेवून त्यांचा डोळा लागला, आणि घंटा झाल्यावर समोर जे होतं तिथून त्यांनी सुरुवात केली. एरवी चोवीस माणसांनी त्यांना हटकलं असतं. पण मंडपाच्या वायफायवर चोवीस माणसं त्यांच्याबरोबर निघून गेली होती.

पुंडलिकरावांच्या हे काही लक्षात आलं नव्हतं. ते माझ्यासमोर आले. आवाज चढला नाही, उतरला. ते जास्त वाईट असतं.

"सांडूभाऊ, पारायणाची समाप्ती मंगळवारी झाली. असं आमच्या मंडळात कधी झालं नव्हतं. उद्या काकड्यानंतर सगळ्या पाट्या परत घेऊन जा. टेबलही उचला."

मी "बरं" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? माझ्या हातात त्यांच्या नावाची चौकट होती, आणि मी ती छातीशी धरून उभा होतो, शाळेत गणित चुकलेल्या पोरासारखा.

घरी रत्नमालानं चौकट वाचली. "अहो, मग सांगा ना. चूक तुमच्या पाटीची नाही, यांच्या बोटाची आहे."

"खातं मी एक ठेवलं."

"ते राहू द्या. शेवटचं पान कोणी उघडलं?"

"चार लोकांत त्यांना उघडं पाडू? सप्ताह चालू असताना?"

"दुकान जाईल."

"जाईल."

तिनं पाटी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "अझहरला निरोप देते. स्टूल गादीचं ठेव म्हणावं, यांना कमरेचा त्रास आहे." असं बोलली की ती रागावलेली नसते. रागावली की गप्प असते.

संध्याकाळच्या कीर्तनाला मी पहिल्यांदाच मागं, खांबाआड बसलो. महाराज अजिंठ्याकडचे, वयानं साठीचे, शेती करतात आणि कीर्तनाची बिदागी मागत नाहीत. निरूपण रंगात आलं आणि त्यांनी वीणेकऱ्याकडं बघून हात वर केला. टाळ थांबले.

"मला आज इथं आल्यावर एक गोष्ट कळली. या मंडपात एकाचं पान पुढं गेलं की सगळ्यांचं पान पुढं जातं म्हणे."

मंडपात खसखस पिकली. माझे कान तापले. खात्याची गोष्ट सम्यकनंच त्यांच्या कानावर घातली असणार, कोणाचं नाव न घेता.

"हसू नका. मी पस्तीस वर्षं हेच सांगत फिरतोय आणि कोणी ऐकत नाय. एक माणूस पुढं गेला की संगतीतली चार माणसं त्याच्यामागं जातात, यालाच तर संगत म्हणायची. फक्त पुढं जाणाऱ्यानं वाचत जावं. बोटानं जाऊ नये." त्यांनी उपरणं सारखं केलं. "आज जी समाप्ती झाली ती बोटानं झाली. ती धरायची नाय. उद्या जिथं होतात तिथून पुन्हा बसा. रामकृष्ण हरी."

टाळ पुन्हा सुरू झाले. मी खांबाला डोकं टेकून रडलो की हसलो, आता आठवत नाही. पण महाराजांनी समाप्तीचा निकाल दिला होता, पाट्यांचा नव्हे.

सकाळी काकडा झाला आणि मी सम्यकला घेऊन पाट्या गोळा करायला गेलो. त्यानं रिकामं खोकं आणलं होतं. मंडळी चहाला बसली होती. पुंडलिकराव म्हणाले, "महाराज म्हणाले, जिथं होतो तिथून बसा. पण आपण होतो कुठं? कोणाला आठवतंय?"

कोणालाच आठवत नव्हतं. सगळ्यांची पानं शेवटाला जाऊन बसली होती.

"माझं पान हाय की जागेवर," गोजरबाई म्हणाल्या.

"तुमचं कसं काय?"

"मला इचारलं यानं, तिकडं जायचं का. मी नाय म्हनलं."

"मग काल सगळे शेवट वाचत होते तेव्हा तुम्ही काय करत होता?"

"माझं मी वाचीत व्हते, हळूहळू. तुमी मोठमोठ्यानं शेवट वाचाय लागला. म्हनलं, पुढची मानसं शानी हायत, त्येंचं काय तरी आसंल."

"पण तुम्ही नाही का म्हणालात?"

गोजरबाईंनी बशीतला चहा संपवला. "आता त्यात लिवलंच व्हतं की, पुंडलिकरावांच्या पानावर जायचं का म्हनून. अक्षरं माझी लई मोठी, सगळं वाचाय आलं. म्हनलं, अध्यक्षांचं पान अध्यक्षांला. आपलं आपल्याला."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणूनच सगळ्यांना ऐकू गेला.  पुंडलिकरावांनी आपली पाटी बासनातून काढली, बघितली, पुन्हा घातली. नाडी बांधायला त्यांना बराच वेळ लागला.

मग ते माझ्याजवळ आले. "तुम्हाला हे माहीत होतं?"

"काल माझ्याही पाटीवर आलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही व्यासपीठावर होता."

त्यांनी एकदा खोक्याकडं बघितलं, एकदा सम्यककडं. "ते खोकं उचल बाबा तिथून, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात येतंय," ते म्हणाले. पाटबंधारे खात्याच्या भाषेत याला दरवाजा उघडणं म्हणतात.

सम्यकनं मंडपाचं वायफाय पाट्यांना बंद करून टाकलं. गोजरबाईंच्या पाटीवरून सगळ्यांनी पान लावून घेतलं, आणि पारायण जिथं होतं तिथून शनिवारपर्यंत नीट गेलं.

शनिवारी नवीनच प्रश्न उभा राहिला. दिंडीत डोक्यावर काय घ्यायचं? पाटी डोक्यावर घ्यायला कोणी तयार होईना. ती घसरते हे एक, आणि दुसरं, गोजरबाई म्हणाल्या तसं, "त्या समुद्रावरच्या बाईला डोक्यावर घिऊन नाय चालायचं बापा मला." ग्रंथ हवा, छापील हवा. पण जड नको.

पुंडलिकरावांनी मला बाजूला घेतलं. "सांडूभाऊ, ते तुमचे छोट्या टायपाचे आहेत का अजून? वाचायचे नाहीत, नुसते डोक्यावर घ्यायचे. हलके असले की झालं."

मी माळ्यावरचे गठ्ठे उतरवले. पारायणाला बसलेले पंचवीस, आणि दिंडीत चालणाऱ्या बाकीच्या बायका वेगळ्याच. टेबल दुपारीच रिकामं झालं. ज्या ग्रंथाची अक्षरं कोणाला दिसत नव्हती तोच ग्रंथ ज्याच्या त्याच्या डोक्यावर बसून निघाला, आणि प्रत्येकाच्या काखेतल्या पिशवीत लाल बासनात वाचायची पाटी. महिनाअखेरीला कंपनीचं पत्रक आलं: आपल्या दुकानाची ई-पुस्तकांवरची दलाली शून्य रुपये, पुढील प्रगतीसाठी शुभेच्छा. मी ते देवापुढं ठेवलं. शुभेच्छा कोणाच्याही असल्या तरी घ्याव्यात.

शटरचं म्हणाल तर अझहर दुसऱ्या आठवड्यात आला. रत्नमालानं किल्ली काढून समोर ठेवली, कारण टेबल उचलायची भाषा मंडळानं केली होती आणि दिलेला शब्द तिला सलत होता. अझहरनं किल्ली परत सरकवली. "भाभी, पूरी दुकान लेके मैं क्या करूं? मेरेकू वो कोपरा देव, स्पर्धा परीक्षावाला. और गोजरबाई को बोलो, लाल कपडेवाले और लगते. वाळूज से भी पूछ रै लोगां." आता त्या कोपऱ्यात बासनं टांगलेली असतात, नाडीसकट. खरं सांगायचं तर या सगळ्या धंद्यात सुटतं ते तिथंच. पाटीत थोडं, ग्रंथात बरं, आणि बासनात चांगलं. स्टूल मात्र अझहरनं दिलं. गादीचं आहे.

परवा दुपारी पुंडलिकराव दुकानात आले. बासन काउंटरवर ठेवलं, इकडंतिकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "सांडूभाऊ, माझं खातं वेगळं काढून द्या."

"आता लगेच काढू. मोबाइल कुठं आहे?"

"मुलाकडं."

"आणि मुलगा?"

"वाळूजला. दुसरी शिफ्ट."

मी स्टूल पुढं सरकवलं. रत्नमालानं चहा सांगितला, आणि आम्ही दोघं शिफ्ट सुटायची वाट बघत बसलो.